गाडी दर फेरीला त्याच जागी अडते? रूळ घासण्याआधी व्होल्ट मोजा

लक्षण ओळखीचं आहे. आठ बाय चार फुटी प्लायवर मॉडेल रेल्वेचा, एचओ मापाचा (खऱ्या गाडीच्या १:८७) साधा लंबगोल रूळमार्ग टाकलेला असतो. कंट्रोलरच्या बाजूला इंजिन झोकात पळतं, पलीकडच्या बाजूला गेलं की मंदावतं, आणि एका ठरलेल्या जागी आचके देतं किंवा उभंच राहतं. बोटाने जरासं ढकललं की पुन्हा चालू. रूळ पुसले की चार दिवस बरं चालतं, मग परत तेच. पावसाळ्यात हे रोजचं होतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रूळ घासून काढ'. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. मळ हे बहुतेक वेळा निमित्त असतं. त्या जागी व्होल्टेज आधीच काठावर आलेलं असतं, आणि मळाचा पातळ थर त्याला खाली ढकलतो. पुसल्याने निमित्त जातं, कारण तसंच राहतं. म्हणून आधी मोजायचं, मग तारा जोडायच्या आणि पुसायचं सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर खर्च तारा, सोल्डर आणि एका बल्बपुरता राहतो. नवं इंजिन किंवा भारी कंट्रोलर घ्यायची वेळ सहसा येत नाही.

दोष रुळाचा, इंजिनाचा की पुरवठ्याचा?

याला पाच मिनिटं पुरतात. इंजिन जिथे अडतं तिथे पेन्सिलीने खूण करा. मग इंजिन उचलून तोंड उलटं करा आणि पुन्हा फिरवा. दुसरं इंजिन असेल तर तेही फिरवून बघा.

दोन्ही इंजिनं त्याच खुणेवर अडली तर दोष रुळाचा. एकच इंजिन कुठेही अडत असेल तर दोष त्याच्या चाकांचा किंवा चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्र्यांचा. आणि सगळं दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग जागा न बघता बंद पडत असेल, थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर अडॅप्टर किंवा कंट्रोलर तापून पुरवठा तोडतोय. तिथे रूळ घासून काहीही होणार नाही.

फक्त लहान, चार चाकी शंटर (यार्डात डबे हलवणारं इंजिन) अडत असेल आणि लांब इंजिनं निघून जात असतील तर सरळ पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, भागाकडे जा. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

लंबगोलाची लबाडी

१८ इंच त्रिज्येचे १२ वक्र तुकडे आणि ९ इंची १२ सरळ तुकडे घेतले की आठ बाय चारमध्ये बसणारा लंबगोल होतो. लांबी सुमारे ५.६ मीटर. तुकडे २४, म्हणजे प्रत्येक रुळाला २४ जोड आणि दोन्ही मिळून ४८ जॉइनर. सेटसोबत तारांची जोडी मात्र एकच येते.

जॉइनर हा दोन रूळ एका रेषेत धरून ठेवणारा पत्रा आहे. वीज वाहून नेणं हे त्याचं वरकड काम. नवा आणि घट्ट असेपर्यंत तो ते करतो. दोन-तीनदा काढ-घाल झाली की सैल पडतो, आत ऑक्साइड धरतं आणि त्या जोडाचा अवरोध वाढत जातो. अर्धा अँपियर घेणारं इंजिन असेल आणि वाटेतल्या जोडांचा मिळून दोन ओहम अवरोध झाला असेल, तर एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. हळू चालवताना कंट्रोलर पाच-सहा व्होल्टवर असतो. त्यातला एक गेला की इंजिनाला तो लगेच जाणवतो. शिवाय रुळाचं निकेल सिल्व्हर तांब्याच्या मानाने फार मंद वाहक आहे, अवरोध दहापटीहून जास्त. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं.

आता लबाडी. लंबगोलात कुठल्याही बिंदूला वीज दोन्ही बाजूंनी पोचते. एखादा जोड पूर्ण तुटला तरी गाडी थांबत नाही, कारण वीज उलट्या वाटेने वळसा घालून येते. गाडी थोडी मंदावते, आपण दुर्लक्ष करतो. त्याच रुळातला दुसरा एखादा जोड तुटला की दोहोंमधला भाग एकदम मरतो. मग आपण तो दुसरा जोड दाबून-चेपून ठीक करतो, गाडी चालू लागते, आणि पहिला तुटलेला जोड तसाच राहतो. 'परत परत तेच' होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

भाराखाली मोजणी

नुसता मल्टिमीटर लावून बघितलं तर रुळावर सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे खराब जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. ओहमच्या रेंजवर जोड मोजणंही स्वस्त मीटरवर निरुपयोगी, कारण त्याच्या प्रोबच्या तारांचाच अवरोध त्यात मिसळतो. करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

त्यासाठी मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घ्या. तो सुमारे ०.८ अँपियर घेतो, म्हणजे साध्या एचओ इंजिनाहून थोडा जास्तच भार. होल्डर मिळाला तर बरं, नाहीतर बल्बला थेट दोन तारा सोल्डर करा आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. बल्ब चांगलाच तापतो. स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या प्लास्टिक पट्ट्यांवर), थर्माकोलवर किंवा गवताच्या पावडरीवर टेकवू नका.

सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे उचलून ठेवा. कंट्रोलर बाजूला काढा आणि १२ व्होल्टचा डीसी अडॅप्टर थेट रुळाला जोडा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर विजेचे तुकडे पाडून देतो, त्यावर मीटरचे आकडे भरवशाचे येत नाहीत.

मग तारा जिथे रुळाला जोडल्यात त्याच्या लगतचा एक जोड दोन्ही रुळांवर उघडा करा, म्हणजे जॉइनर मागे सरकवा. आता वीज एकाच दिशेने जाईल आणि वळशाची वाट बंद होईल. ही पायरी गाळली तर पुढचे आकडे फसवतात.

बल्ब आणि मीटर दोन्ही पहिल्या तुकड्यावर लावा, आकडा बाजूच्या मास्किंग टेपवर लिहा, पुढच्या तुकड्यावर जा. समजा पहिल्यावर ११.८, पाचव्यावर ११.६, सहाव्यावर ११.५ आणि सातव्यावर एकदम १०.४ आले. दोष सहा आणि सातच्या मधल्या जोडात आहे, शंकाच नको. आकडा असा टप्प्याने न पडता प्रत्येक तुकड्यागणिक थोडा थोडा घसरत असेल तर दोष एका जोडाचा नाही, एकाच तारजोडीवर इतका लांब रूळ चालवण्याचा आहे.

दोन रुळांपैकी कुठला जोड वाईट, हे शोधायला बल्ब त्या जोडाच्या पुढच्या तुकड्यावर लावून ठेवा. मीटर २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर घ्या आणि दोन्ही प्रोब एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. चांगला जोड दहा-वीस मिलिव्होल्ट दाखवतो. पन्नासच्या वर गेला तर त्याच्यावर नजर ठेवा, शंभरच्या वर गेला तर तो जोड बाद समजा. रूळ चिकटवून खडी टाकून झाली असेल आणि जोड उघडता येत नसेल, तर सगळे जोड याच पद्धतीने तपासा. फक्त वीज दोन वाटांनी विभागलेली असल्याने आकडे लहान येतील. शेजारच्या जोडांशी तुलना करून वेगळा दिसणारा आकडा धरायचा.

तारा: खरा इलाज

प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार दिली तर उत्तमच, पण २४ तुकड्यांना ती हौस नको. मधला मार्ग असा: लंबगोलाचे चार-चार तुकड्यांचे सहा भाग करा. भागाच्या आतले तीन जोड दोन्ही रुळांवर सोल्डरने पक्के करा. दोन भागांमधला जोड मात्र नुसत्या जॉइनरवर मोकळा ठेवा. प्रत्येक भागाला तारांची एक जोडी. सहा जोड्या, बारा तारा, संपलं काम.

सगळेच जोड सोल्डर करण्याचा मोह आवरा. हिवाळ्यातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यात २५ अंशांचा फरक धरला, तर साडेपाच मीटर रूळ दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो. त्याला सरकायला जागा नसेल तर वक्रावर तो बाहेर फुगतो आणि डबे उतरू लागतात. मोकळ्या जोडात थंडीच्या दिवसांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट ठेवा. रूळ भर उन्हाळ्यात टाकत असाल तर टोकाला टोक टेकलं तरी चालेल.

खाली प्लायच्या पोटाला लंबगोलाच्या खालून दोन मुख्य तारा फिरवा. घरगुती वायरिंगची १ चौरस मिमी तांब्याची तार पुरते. मीटरला जेमतेम ०.०१८ ओहम. लाल आणि काळी प्रत्येकी सहा-सात मीटर. पूर्ण गुंडाळी ९० मीटरची असते, ती घेऊ नका. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटी मोजून देणारी दुकानं मिळतील.

रुळापासून मुख्य तारेपर्यंतच्या छोट्या तारांसाठी जुन्या नेटवर्क केबलमधल्या तारा फुकटात कामाला येतात. सुमारे ०.२ चौरस मिमी जाडी आहे, त्यामुळे लांबी १५-२० सेंटिमीटरच्या आत ठेवा. एक खबरदारी: स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर टाकून द्या. ती सोल्डर नीट धरत नाही आणि दोन वेळा वाकवली की तुटते.

आतल्या रुळाला कायम लाल, बाहेरच्याला कायम काळी. हे प्लायच्या खालीही मार्करने लिहून ठेवा, कारण उताणं पडून वर बघताना आत-बाहेर हमखास उलटं होतं. प्रत्येक जोडी लावली की लगेच बल्ब लावून बघा. सहाही लावून मग शॉर्ट शोधत बसणं ही स्वतःहून ओढवलेली शिक्षा आहे.

सोल्डरिंगमध्ये बहुतेकांचे स्लीपर वितळतात, आणि दोष हाताचा नसतो, २५ वॅटच्या इस्त्रीचा (सोल्डरिंग आयर्नचा) असतो. रूळ उष्णता ओढून घेतो, इस्त्री पुरी पडत नाही, आपण दहा सेकंद धरून बसतो आणि तोवर प्लास्टिक मऊ होतं. ५० ते ६० वॅटची इस्त्री वापरा आणि काम दोन-तीन सेकंदांत संपवा. रुळाची बाहेरची उभी बाजू बारीक कानशीने चकचकीत करा; आतल्या बाजूला सोल्डर कधीच नको, चाकाची कड त्यावर चढते. तिथे रोझिन फ्लक्सचं बोट फिरवा, रुळावर आणि तारेवर वेगवेगळं थोडं सोल्डर आधी चढवून घ्या, मग तार टेकवून वरून इस्त्री लावा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स चुकूनही घेऊ नका. आज ते छान धरतं, पण पहिल्याच पावसाळ्यात तिथे हिरवट बुरशीसारखा थर येतो.

नुसत्या जॉइनरच्या तळाला तार सोल्डर करून तो वापरायचा, असा सोपा मार्ग बरेच जण सांगतात. रूळ टाकून झालेला असेल आणि इस्त्रीची भीती वाटत असेल तर ठीक. पण वीज शेवटी जॉइनर आणि रुळाच्या त्याच सैल पकडीतून जाते, म्हणजे आजार अर्धाच बरा होतो.

सगळं झाल्यावर उघडा ठेवलेला जोड बंद करा आणि बल्ब घेऊन पुन्हा एक फेरी मारा. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा यांत पाव व्होल्टहून जास्त फरक राहता कामा नये.

पॉइंटवर अडत असेल तर

इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि ती ओळखायला सोपी आहेत. इंजिन बरोबर फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकाशी थांबत असेल तर तिथला तुकडा प्लास्टिकचा, वीज नसलेला आहे. पेको कंपनीच्या इन्सुलफ्रॉग पॉइंटमध्ये तो लहान असतो आणि सहा-आठ चाकांवरून वीज घेणारं इंजिन सहज पार होतं. चार चाकी इंजिनाचं मात्र एका बाजूचं चाक फ्रॉगवर आणि दुसरं मळक्या जागी सापडलं की खेळ संपला. कधी तिथे थांबण्याऐवजी ठिणगी पडते आणि कंट्रोलर क्षणभर मान टाकतो. मग चाकांमधलं आतल्या बाजूचं अंतर मोजा. एचओला ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी-जास्त असेल तर चाक दोन्ही रुळांना एकदम शिवतं.

दुसरं कारण जास्त आढळतं: फ्रॉगच्या आधी किंवा नंतर पूर्ण हातभर रूळ मेलेला असतो, आणि पॉइंट दोन-तीनदा इकडून तिकडे केला की जिवंत होतो. पुष्कळ पॉइंटमध्ये सरकत्या पट्टीला वीज मिळते ती फक्त कडेच्या रुळाला टेकून. त्या टेकण्याच्या जागी धूळ बसते. आणि खडी चिकटवताना पाणी घातलेलं फेव्हिकॉल तिथपर्यंत ओघळलं तर वाळल्यावर पारदर्शक, न दिसणारा थर राहतो, जो वीज अजिबात जाऊ देत नाही. खडी टाकल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर दुसरं काही शोधूच नका. गरम पाण्यात बुडवलेली इअरबड त्या जागी दोन मिनिटं धरा, थर पांढरा होऊन सुटतो. मग जाड कागदाचा तुकडा सरकती पट्टी आणि रूळ यांच्यात धरून ओढून काढा. पुढच्या वेळी पॉइंटच्या आसपास गोंद ड्रॉपरने थेंब-थेंब टाका आणि पट्टीखाली खडी टाकूच नका.

कायमचा उपाय म्हणजे पट्टीच्या टेकण्यावर अवलंबून राहणं सोडायचं. कडेच्या रुळापासून त्याच्या शेजारच्या आतल्या रुळाला खालून छोटी तार सोल्डर करा. इन्सुलफ्रॉगमध्ये हे दोन तारांचं काम आहे. इलेक्ट्रोफ्रॉग (धातूच्या, वीज वाहणाऱ्या फ्रॉगचा पॉइंट) घेतला असेल तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लावा, आणि फ्रॉगची वीज स्विचने बदला. त्यासाठी महाग मोटर लागत नाही. तीन पायांचा साधा स्लाइड स्विच प्लायखाली बसवा, मधला पाय फ्रॉगला, कडेचे दोन मुख्य तारांना. सायकलचा स्पोक स्विचच्या दांड्यातून आणि पॉइंटच्या आडव्या पट्टीतून असा बांधा की एकाच ओढण्यात पट्टी सरकेल आणि फ्रॉगही बदलेल. स्पोक लेआउटच्या कडेबाहेर काढून त्याला मणी लावला की झाली लिव्हर. फ्रॉग उलटा जोडला गेला तर इंजिन तिथे पोचताच शॉर्ट होतं. कडेच्या दोन तारा अदलाबदल करायच्या.

रूळ समतल नसेल तर

आकडे सगळीकडे चांगले, तरी एका जागी अडतं. तिथे ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी रुळांच्या माथ्यावर ठेवा आणि मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसला तर इंजिनाची काही चाकं तिथे हवेत राहतात. ६ मिमी प्लाय बिनाआधाराचं असेल तर ते झोळ धरतंच. खाली दर ४० सेंटिमीटरवर लाकडी पट्टी द्या, किंवा मुळातच १२ मिमी प्लाय घ्या. एमडीएफ नकोच, कोकणपट्टीतल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत त्याच्या कडा फुगतात. प्लायलाही खालची बाजू आणि चारही कडा ऑइलपेंटने बंद केल्या तर पावसाळा सोसवतो. चढ सुरू होतो त्या कोपऱ्यातही हाच प्रकार होतो. तिथे सपाटीवरून एकदम २ टक्क्यांवर जाऊ नका, एका तुकड्यात १ टक्का ठेवून मग वाढवा.

आता पुसा

जुना सेट स्वस्तात मिळाला असेल तर आधी रुळाला लोहचुंबक लावा. चिकटला तर रूळ स्टीलचा, आणि दमट हवेत तो गंजणारच. त्यावर श्रम घालू नका. यार्डात, गोदामाजवळ, शोभेपुरता वापरा आणि मुख्य मार्गावर निकेल सिल्व्हर टाका. हा एक खर्च मात्र टाळू नये.

सँडपेपर नको. खरखरीत कागदाने पडलेल्या चऱ्यांमध्ये काजळी जास्त घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ स्वच्छ होतो, पण त्यानंतर काजळी लवकर परत येते, असा अनेकांचा अनुभव आहे. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर अगदी थोडं घेऊन पुसलं आणि कोरड्या फडक्याने घासून काढलं तर रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतो. खिडक्या उघड्या ठेवा, वीज बंद ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवू नका. रॉकेल तेलकट थर सोडतं, त्यावर धूळ बसते आणि चाकं घसरतात.

रूळ पुसून इंजिनाची चाकं तशीच ठेवणं व्यर्थ. टिश्यू पेपर अल्कोहोलमध्ये ओला करून रुळावर अंथरा. इंजिनाची अर्धी चाकं त्यावर, अर्धी उघड्या रुळावर ठेवून हाताने धरा आणि निम्म्या वेगाने फिरवा. काळ्या रेघा उमटायच्या थांबेपर्यंत टिश्यू सरकवत राहा, मग इंजिन उलटं करून उरलेली चाकं. डब्यांची प्लास्टिकची चाकं मळ गोळा करून सगळ्या रुळभर पसरवतात. सगळी एकदम बदलणं परवडत नसेल तर दर महिन्याला एका डब्याला धातूची चाकं घाला.

डीसीसीवाल्यांसाठी आणि स्वस्त कंट्रोलरवाल्यांसाठी

डीसीसीवर, म्हणजे रुळातूनच डिजिटल आज्ञा पाठवून इंजिनं चालवण्याच्या पद्धतीत, अपुऱ्या तारांचा धोका वेगळा आहे. गाडी उतरून शॉर्ट झाला तर बूस्टरला (रुळाला वीज पुरवणाऱ्या पेटीला) तो कळायला हवा. लेआउटच्या सगळ्यात लांबच्या जागी पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं दाबा. बूस्टरने तत्काळ पुरवठा तोडला तर तारा ठीक. तोडला नाही तर नाणं लगेच उचला आणि तिथे तार वाढवा, नाहीतर खऱ्या शॉर्टमध्ये डब्याची चाकं वितळतील.

ही नाण्याची परीक्षा मोटरच्या स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर करू नका. त्यातल्या बहुतेकांना शॉर्टपासून संरक्षण नसतं आणि आतला ट्रान्झिस्टर क्षणात जातो. कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब मालिकेत जोडून ठेवा. गाडी नीट चालताना तो विझलेला किंवा अगदी मंद असतो. शॉर्ट झाला की झगझगीत पेटतो, करंट पावणेदोन अँपियरच्या आसपास रोखतो आणि तुम्हाला कळवतोही. भाराखालची मोजणी करताना तो मधून काढायला विसरू नका.

एवढं करूनही एकच इंजिन अडत असेल तर ते उलटं धरून चाकांच्या मागचे ब्राँझचे पातळ पत्रे बघा. टोकांना प्रोब लावलेल्या दोन तारांनी एकेका चाकाच्या जोडीला १२ व्होल्ट द्या. ज्या जोडीवर मोटर फिरत नाही तिथला पत्रा चाकाला टेकत नाही किंवा त्याखाली केस-धागा अडकलाय. चिमट्याने धागा काढा आणि पत्रा केसभर चाकाकडे वाकवा. जास्त दाब दिलात तर तोच ब्रेकचं काम करू लागेल.